न्यायालयाचा सर्व्हर आणि त्याचा शिरस्तेदार

धारणीच्या एखाद्या शेतकऱ्याचा दावा अमरावतीच्या जिल्हा न्यायालयांत असला, तर केवळ पुढली तारीख समजून घेण्यासाठीं मेळघाटचा घाट उतरून येण्यांत त्याचा सबंध दिवस मोडत असे. आज तीच तारीख त्याच्या मुलास घरच्या फोनवर दिसते. अकोटच्या पक्षकाराची अकोल्याची खेपही अशीच वांचते. ही सोय ज्या ई-कोर्ट्स प्रकल्पामुळें झाली, त्याचा पहिला टप्पा २००७ सालीं सुरू झाला. त्यांत न्यायालयांच्या इमारतींतून सर्व्हर बसविण्यांत आले. दाव्यांच्या नोंदी ठेवणारी प्रणाली राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या पुणें येथील शाखेनें रचली. आणि या सर्वांच्या बुडाशीं उबुंटू लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम घालण्याचें ठरलें. ती घालणें म्हणजे नेमकें काय, याचा विचार करण्यासारखा आहे.

अनेकांच्या मागण्या एकाच वेळीं पुरविणारा संगणक तो सर्व्हर. नव्या कोऱ्या सर्व्हरच्या ठिकाणीं शक्ति असते, पण व्यवस्था नसते. कचेरी बांधून झाली, कपाटें आलीं, कारकून आले, परंतु कोणतें काम कोणीं करावें हें सांगणारा शिरस्तेदारच नाहीं, अशी ती स्थिति होय. हा शिरस्तेदार म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. लिनक्सचा गाभा हेलसिंकी विद्यापीठांतील विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्स यानें १९९१ सालीं प्रसिद्ध केला. तो कोणासही वाचतां, तपासतां व बदलतां येतो. ज्याच्या हातीं लोकांचें दप्तर सोंपवावयाचें, त्याची घडण लोकांस तपासतां यावी, हें न्यायासनास शोभणारेंच आहे.

नेमणुकीपूर्वीं माणसाची ओळख पटवावी लागते, तशीच येथेंही. इंटरनेटवरून उतरवून घेतलेली सिस्टिमची प्रत खरी आहे कीं वाटेंत कोणीं बदलली आहे, हें पाहण्यासाठीं तिच्यावरून गणितानें ६४ चिन्हांची एक खूण काढतात आणि ती मूळ कर्त्यांनीं प्रसिद्ध केलेल्या खुणेशीं ताडून पाहतात. एक अक्षरही बदललेलें असेल, तर खूण जुळत नाहीं. लाखेची मोहोर पाहून मगच लखोटा फोडावा, तसें हें आहे. ही खातरी झाल्यावर प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन सर्व्हर तिच्यावरून सुरू करतात.

यानंतर येते ती सर्वांत जोखमीची पायरी : डिस्कची वांटणी. सिस्टिमला किती जागा, नोंदींना किती, हें येथें ठरतें. आणि येथें चुकीच्या डिस्कवर बोट ठेवलें, तर तिच्यावरील जुनें दप्तर क्षणांत पुसलें जाऊं शकतें. म्हणून जाणता मनुष्य येथें घाई करीत नाहीं. बहुधा दोन डिस्का जोडून प्रत्येक नोंद दोहोंवर एकदम लिहिण्याची योजना करतात. एक बिघडली तरी काम थांबत नाहीं. तथापि ही योजना म्हणजे राखीव प्रत नव्हे. कारकुनानें चुकून पुसलेली नोंद दोन्ही डिस्कांवरून एकदमच जाते! खरी राखीव प्रत वेगळ्या यंत्रावर, आणि शक्य तर वेगळ्या गांवींच ठेवावी.

पुढील काम अधिकारांच्या वांटणीचें. लिनक्समध्यें ‘रूट’ हा सर्वाधिकारी असतो; उबुंटूमध्यें त्याच्या नांवानें थेट प्रवेश मुळांतच बंद ठेवलेला असतो, आणि नेमलेला व्यवस्थापक लागेल तेवढ्यापुरता तो अधिकार वापरतो. बाहेरून येण्याच्या वाटांपैकीं गरजेच्या तेवढ्याच उघड्या ठेवावयाच्या. घड्याळही भारतीय वेळेस बिनचूक लावावयाचें. कारण अर्ज मुदतींत आला कीं नाहीं, हा न्यायालयांत क्षुल्लक प्रश्न नव्हे.

एवढ्यानें काम संपलें असें मात्र नाहीं. दोष सांपडतात तशा दुरुस्त्या निघतात, आणि त्या वेळच्या वेळीं घालाव्या लागतात. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांना अशा दुरुस्त्या साधारणपणें ५ वर्षें मिळतात. त्यापुढें नवी आवृत्ति घालण्याची तयारी हवी. वऱ्हाडांत उन्हाळ्याचीही चिंता असते. अकोल्याचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हां सर्व्हरची खोली थंड राखणें आणि वीज अकस्मात् गेली तर यंत्र शिस्तीनें बंद होईल अशी सोय करणें, हीं कामें दुय्यम राहत नाहींत.

शेवटची कसोटी बहुधा राहून जाते. राखीव प्रत ठेवली आहे एवढें पुरत नाहीं. तीवरून दप्तर खरोखर उभें करून पाहिलें पाहिजे. सिस्टिम घालणें हें तासाभराचें काम आहे. परंतु त्या तासांत घेतलेल्या निर्णयांवरच धारणीच्या त्या शेतकऱ्याच्या दाव्याची नोंद पुढें कित्येक वर्षें विसंबून राहते.