येशूच्या नावातला ‘स’ कुठून आला?

ग्रीक ‘इएसूस’ हे नाव झ्यूस देवावरून बेतले, असा दावा अधूनमधून डोके वर काढतो. शेवट कानाला सारखा लागतो, एवढाच त्याला आधार. पुरावा मात्र उलट दिशेचा आहे. मूळ हिब्रू नाव ‘येहोशुआ’. बाबेलच्या बंदिवासानंतर त्याचे आखूड रूप ‘येशुआ’ रूढ झाले. एज्रा व नहेम्या यांच्या ग्रंथांत ते भेटते. ग्रीकमध्ये ‘श’ नाही, म्हणून त्या जागी ‘स’ आला. आणि ग्रीकमध्ये पुरुषाचे नाव प्रथमेत बहुधा ‘स’नेच संपते, म्हणून शेवटी आणखी एक जोडला गेला. षष्ठीत तो गळून ‘इएसू’ उरते. झ्यूसची षष्ठी ‘दिओस’. व्याकरणानेच दोघांची फारकत केली आहे. शिवाय ख्रिस्तजन्मापूर्वीच यहुदी भाषांतरकारांनी मोशेचा वारस यहोशवा याच्यासाठी ‘इएसूस’ लिहिले होते. ते झ्यूसला वंदन करत होते, असे कोण म्हणेल?

मग यहोशवा आणि येशू ही दोन वेगळी नावे का वाटतात? जुना करार हिब्रूतून आणि नवा ग्रीकमधून भाषांतरित झाला म्हणून. इंग्रजी ‘जीझस’मधला ‘जे’ही नंतरचाच: लॅटिन ‘इएसुस’च्या आरंभीच्या ‘आय’पासून ‘जे’ हे अक्षर फार उशिरा सुटे झाले. १६११च्या किंग जेम्स बायबलच्या पहिल्या आवृत्तीतही ‘आय’च छापला आहे. त्याच बायबलात ‘इब्री लोकांस पत्र’ ४:८ येथे यहोशवाचा उल्लेख ‘जीझस’ असाच होतो. गोव्याच्या ख्रिस्ती कोंकणीतला ‘जेजू’ पोर्तुगीजमार्गे आला.