प्राणिपालाचे समाधान

प्राणिसंग्रहालयास भेट देणाऱ्याचे लक्ष वाघाकडे, सिंहाकडे, फार तर माकडांच्या खोड्यांकडे जाते. सकाळी त्या वाघाच्या खोलीपाशी प्रथम पोहोचणारा, रात्रीचे मांस किती उरले ते पाहणारा आणि जनावर आज नेहमीसारखे चालते की नाही हे एका दृष्टिक्षेपात ओळखणारा मनुष्य त्याच्या खिजगणतीतही नसतो. हा मनुष्य म्हणजे प्राणिपाल होय. प्राणी सुखात आहेत किंवा नाहीत याविषयी त्याचे मत काय, आणि आपल्या कामात तो स्वतः समाधानी असतो काय, हे प्रश्न वरवर पाहता निरनिराळे वाटतात. वस्तुतः ते एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की, एकास वगळून दुसऱ्याचे उत्तर देता येत नाही. चेन्नई येथील प्राणिसंग्रहालयाच्या इतिहासावरून हे चांगले ध्यानात येते.

मद्रासच्या सरकारी वस्तुसंग्रहालयाचे प्रमुख डॉ. एडवर्ड बाल्फोर यांनी १८५५ साली एग्मोर येथील आवारातच जिवंत प्राणी ठेवण्यास आरंभ केला. कर्नाटकच्या नवाबाजवळील प्राणी त्यांनी या कामी मिळविले. पुढे १८६३ साली हा संग्रह मध्यवर्ती रेल्वे स्थानकाजवळच्या पीपल्स पार्क या उद्यानात नेण्यात आला, आणि तेथे तो शतकाहून अधिक काळ राहिला. मुंबईच्या राणीच्या बागेतील जुने पिंजरे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना अशा जागेचे वर्णन वेगळे सांगावयास नको. लोखंडी गज, फरशी आणि चार पावलांत संपणारी जागा, असे त्या काळच्या पिंजऱ्यांचे सर्वसाधारण स्वरूप असे. अशा पिंजऱ्यात प्राणिपालाचे काम झाडलोट करणे आणि अन्न टाकणे एवढ्यापुरते मर्यादित राहते. आणि जनावर सारखे येरझारा घालीत असेल तर ते रोज पाहण्यापलीकडे त्याच्या हाती काही नसते.

२४ जुलै १९८५ रोजी शहराबाहेर वंडलूर येथे नवे प्राणिसंग्रहालय लोकांस खुले झाले. त्यास अरिग्नर अण्णा यांचे नाव देण्यात आले. आज त्याचा विस्तार सुमारे ६०० हेक्टर आहे. गजांऐवजी खंदकाने प्राणी व प्रेक्षक यांना विलग ठेवण्याची पद्धत येथे मोठ्या प्रमाणावर स्वीकारण्यात आली. ही कल्पना मूळची जर्मनीतील कार्ल हागेनबेक यांची. हॅम्बुर्गजवळ त्यांनी १९०७ साली ती प्रत्यक्षात आणली होती. प्राण्याला यामुळे झाडी मिळाली, सावली मिळाली आणि मुख्य म्हणजे लोकांच्या दृष्टीआड होण्याची सोय मिळाली.

परंतु येथेच प्राणिपालाची नवी अडचण सुरू होते. दुरून, तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकास वाघ दिसला नाही म्हणजे तो रागावतो, हाका मारतो, प्रसंगी दगडही भिरकावतो. वाघ झाडीत निजला आहे हे वाघाच्या दृष्टीने उत्तम लक्षण असते. प्रेक्षकाच्या दृष्टीने ती फसवणूक ठरते! या दोहोंच्या मध्ये उभा असतो तो प्राणिपाल.

त्याच्या कौशल्याची खरी परीक्षा सायंकाळी होते. मोकळ्या आवारात पांगलेली जनावरे रात्रीच्या निवाऱ्यात परत आणावयाची असतात. हे काम धाकाने साधत नाही. ठरलेली वेळ, ओळखीचा आवाज आणि आत ठेवलेले अन्न यांच्या बळावरच ते होते. जनावर आत आले की बाहेरून सरकते दार ओढावयाचे, कुलूप तपासावयाचे आणि मगच आवारात पाऊल टाकावयाचे. या क्रमातील एकही पायरी चुकून चालत नाही. ऑक्टोबर १९२३ नव्हे, अगदी अलीकडे ऑक्टोबर २०२३ मध्ये हैदराबाद येथील नेहरू प्राणिसंग्रहालयात हत्तीच्या हल्ल्यात एक प्राणिपाल मृत्युमुखी पडला. वर्षानुवर्षांच्या सहवासाने भय कमी होते, धोका मात्र तेवढाच राहतो.

बंदिस्त प्राण्याचे कल्याण कशात आहे याचा शास्त्रीय विचार स्विस प्राणिशास्त्रज्ञ हायनी हेडिगर यांनी १९४२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडला. माणूस किती जवळ आला असता प्राणी पळू लागतो, याचे प्रत्येक जातीचे अंतर ठरलेले असते, आणि हे अंतर राखता न आल्यास प्राणी सतत तणावाखाली राहतो, असे त्यांनी दाखविले. पुढे १९६५ साली ब्रिटनमधील ब्रँबेल समितीने पाळीव पशूंसंबंधी अहवाल दिला व त्यातून प्राणिकल्याणाच्या किमान अटींची चर्चा सुरू झाली. आज आहार, परिसर, आरोग्य, वर्तन आणि मनःस्थिती अशा पाच अंगांनी हा विचार केला जातो. पहिली तीन अंगे पशुवैद्य तपासू शकतो. उरलेल्या दोहोंसाठी मात्र रोज सहवासात असणाऱ्या माणसाची साक्ष काढावी लागते.

ही साक्ष कितपत विश्वसनीय मानावी? प्राणिपालाला आपली जनावरे प्रिय असतात, तेव्हा तो भावनेच्या भरात बोलत असेल, अशी शंका पुष्कळ काळ घेतली जात असे. अलेक्झांडर वाइस व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राणिसंग्रहालयांतील ओरांगउटानांविषयी केलेले संशोधन २०११ साली प्रसिद्ध झाले. दीडशेहून अधिक ओरांगउटान किती सुखी दिसतात, याविषयी त्यांना जवळून ओळखणाऱ्या माणसांनी आपला अभिप्राय नोंदविला होता. पुढील वर्षांत असे आढळले की, ज्यांना सुखी म्हटले गेले होते ते प्राणी अधिक काळ जगले. निव्वळ निरीक्षणातून दिलेले हे मत पोकळ नव्हते.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. २००९ साली अमेरिकेतील बंडरसन व टॉम्पसन या दोन संशोधकांनी अमेरिका व कॅनडा येथील १५७ प्राणिसंग्रहालयांतील प्राणिपालांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपण याच कामासाठी जन्मास आलो, अशी भावना त्यांच्यापैकी पुष्कळांत आढळली. ही भावना ज्यांच्यात प्रबळ होती त्यांना आपल्या कामात फार मोठा अर्थ वाटत असे, आणि तेच कमी वेतन, गेलेली सुटी व शारीरिक कष्ट अधिक सोशीत. याबरोबरच आणखी एक गोष्ट दिसून आली, आणि ती सर्वांत महत्त्वाची म्हटली पाहिजे. असे प्राणिपाल आपल्या संस्थेस अधिक कठोर कसोटी लावीत. जनावराच्या बाबतीत हयगय झालेली त्यांना खपत नसे. म्हणजे कामावर सर्वाधिक प्रेम करणारा माणूसच सर्वाधिक तक्रार करणारा असू शकतो. व्यवस्थापक अशा माणसास कटकट्या समजू लागले, तर संस्था आपल्याच सर्वोत्तम निरीक्षकास गप्प करते. दुसऱ्या बाजूने, ‘याला जनावरांची आवड आहे, तो कोठे जाणार?’ असे म्हणून त्याच्या वेतनाकडे दुर्लक्ष करणे हाही अन्यायच होय. भारतात अनेक ठिकाणी ही कामे रोजंदारीवर चालतात, हे येथे विसरता येत नाही.

या नात्याची किंमत किती असू शकते हे वंडलूरने २०२१ साली पाहिले. महामारीमुळे प्राणिसंग्रहालय प्रेक्षकांस बंद होते. मेच्या अखेरीस सिंहांना आजाराची लक्षणे दिसू लागली. तपासणीत कोरोना विषाणूचा संसर्ग आढळला. ३ जून रोजी नीला नावाची सिंहीण दगावली, आणि १६ जून रोजी पद्मनाथन हा सिंह गेला. आदल्या वर्षी न्यूयॉर्कमधील ब्राँक्स येथे वाघांना झालेला संसर्ग बाह्य लक्षणे नसलेल्या कर्मचाऱ्याकडून पोहोचला असावा, असे तेथील संस्थेने सांगितले होते. जो हात अन्न देतो त्याच हाताने रोगही जाऊ शकतो, ही जाणीव प्राणिपालास केवढी जड जात असेल! तरी जनावरांस उपाशी ठेवता येत नव्हते. मुखपट्टी व संरक्षक पोशाख चढवून मद्रासच्या उन्हाळ्यात ही माणसे कामावर येत राहिली.

प्राणिसंग्रहालयांच्या नियमनासाठी भारतात १९९२ साली केंद्रीय प्राधिकरण स्थापन झाले. त्याच्या नियमांनुसार प्रत्येक प्राणिसंग्रहालय आठवड्यातून एक दिवस बंद ठेवावे लागते. वंडलूर येथे हा दिवस मंगळवार. प्राण्यांच्या निगेशी संबंध असलेल्या कर्मचाऱ्यांची प्राण्यांपासून होणाऱ्या रोगांसाठी वर्षातून एकदा तपासणी व्हावी, असेही नियम सांगतात. आवारात ओंडके टाकणे, फळे लाकडाच्या भोकांत दडविणे, माकडांस चढण्यासाठी दोर बांधणे, अशा युक्त्यांनी प्राण्यांच्या शरीरास व मनास काम देण्याची पद्धतही आता रूढ होत आहे. या युक्त्या बहुधा त्याच माणसास सुचतात, ज्याला आपले अस्वल आळशी आहे की कंटाळलेले आहे यातील फरक कळतो. असा फरक नोंदवहीत फारसा उतरत नाही. अन्न किती दिले, किती उरले, औषध कोणते, एवढे लिहिले जाते. जुना प्राणिपाल निवृत्त होतो तेव्हा उरलेले सर्व त्याच्याबरोबर जाते, आणि नव्या माणसास त्या अस्वलाची ओळख पहिल्यापासून करून घ्यावी लागते.