घरामागचे पाणी आणि घराची भिंत



गळीत हंगाम उरकला, खोडव्यातले पाचट सरीत दाबून झाले आणि रोहिण्या तोंडावर आल्या. या दिवसांत घरोघरी डागडुजी निघते. कोणी कौले चाळतो, कोणी गिलावा करतो, कोणी न्हाणीला फरशी बसवतो. गवंडी दारात आहेच, तर त्याच्याकडून आणखी एक काम करून घ्यावे, एवढे सांगण्यासाठी हा लेख.

गेल्या पावसाळ्यात ऊसनोंदीच्या फेरीत आम्ही एका सभासदाच्या घरी टेकलो. घर चांगले पक्के. पण मागची भिंत कमरेइतकी ओली, गिलाव्याचे पोपडे सुटलेले आणि खोलीत कुबट वास. त्यांनी दोनदा सिमेंटचा गिलावा करून पाहिला होता. मागे जाऊन पाहिले तर न्हाणीचे आणि भांड्यांचे पाणी भिंतीच्या बुडाशीच मुरत होते. पन्हाळाची धारही तिथेच. पैसा भिंतीवर खर्च झाला, दुखणे मात्र जमिनीत होते. मालक हसून म्हणाले, "उसात चर काढला, पण घरालाही चर लागतो हे डोक्यातच आलं नाही बघा!"

पाणी साचलेल्या रानाचे काय होते ते आपल्याला सांगायला नको. खार वर येतो, रान चोपण होते. भिंतीचेही तेच. जमिनीतली ओल विटेतून वर चढते, सोबत खार आणते, पाणी उडून जाते आणि खार गिलावा फोडतो. काळ्या रानातल्या घराला आणखी एक धोका. ही माती भिजली की फुगते, वाळली की आकसते. एकाच कोपऱ्यात सतत पाणी मुरले तर तेवढाच पाया हलतो आणि भिंतीला तडा जातो. म्हणून आधी पाणी हटवावे, भिंत वाळू द्यावी, गिलावा त्यानंतर.

पाणी किती, याचा हिशेब

2019 साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज 55 लिटर पाणी धरले आहे. पाच माणसांच्या घरात ते 275 लिटर होते. त्यातले सुमारे 220 लिटर सांडपाणी म्हणून बाहेर पडते. आता छपराचे बघा. 20 बाय 30 फुटांच्या छपरावर एक इंच पाऊस पडला तर जवळजवळ 1400 लिटर पाणी उतरते. म्हणून ही दोन पाणी कधी एकत्र करू नयेत. सांडपाणी शोषखड्ड्यात किंवा परसबागेत, पावसाचे पाणी चरातून बाहेर.

अंगणाचा उतार

घराभोवती दोन-अडीच फूट रुंदीची फरसबंदी करून तिला बाहेरच्या बाजूला इंचभर उतार द्यावा. त्यापुढे अंगणाला दर दहा फुटांना तीन इंच उतार असला की पाणी थांबत नाही. नजरेच्या अंदाजावर जाऊ नये. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांची पातळी बघावी. अंगणात भर टाकताना जोते बुडवू नका. दरवर्षी थोडा थोडा मुरूम टाकून अंगण वर आणि घर खाली गेलेले आम्ही पाहिले आहे. आणि चराचे तोंड शेजाऱ्याच्या दारात काढू नये. बांधाचे एक भांडण पुरे आहे.

शोषखड्डा

खड्डा लांबी, रुंदी, खोली प्रत्येकी चार फूट. भिंतीपासून दहा फूट दूर, आणि विहीर किंवा बोअरपासून निदान पन्नास फूट. पावसाळ्यात जिथे चार-पाच फुटांवर पाणी लागते तिथे तो करूच नये.

खणून झाल्यावर तळात फूटभर खोल भोक पाडून पाण्याने भरावे. पहिले पाणी मुरू द्यावे आणि पुन्हा भरावे. दुसरे पाणी दोन-तीन तासांत मुरले तर खड्डा चालेल. रात्रभर तसेच राहिले तर तिथे खड्ड्यावर खर्च करू नका.

तळाला मोठे दगड, मधे मध्यम, वर लहान गोटे किंवा खंगर विटांचे तुकडे भरावेत. वरच्या थरात बुडाला भोके पाडलेले मडके बसवून त्यात नारळाचा काथ्या घालावा आणि न्हाणीची नळी त्यात सोडावी. खरकटे व केस तिथे अडतात. गोट्यांवर बारदान, त्यावर माती. मडक्याचे तोंड झाकलेले पाहिजे. काथ्या दर पंधरवड्याला बदलावा. दगड भरल्यावर खड्ड्यात साधारण तिसऱ्या हिश्शाची, म्हणजे 600 लिटरची जागा उरते. घरच्या रोजच्या पाण्याला ती पुरते. छपराचे पाणी सोडले तर एका सरीत तुंबेल. काही वर्षांनी साबणाच्या मेणाने खड्डा मंदावतो. तेव्हा गोटे काढून धुवावेत, बाजू खरवडून पुन्हा भरावेत. संडासाचे पाणी यात कधीही सोडू नये. भुसभुशीत मातीत कडा ढासळते, म्हणून खणताना एकट्याने उतरू नये आणि खड्डा रात्री उघडा ठेवू नये.

खोल काळ्या रानात काय करावे?

तिथे पाणी खाली जात नाही, तर झाडांना पाजावे. भिंतीपासून लांब उथळ चर काढून केळी, कर्दळ, शेवगा लावावा. आज एका आळ्यात, उद्या दुसऱ्यात, अशी पाळी लावावी. कच्ची खायची भाजी मात्र या पाण्यावर घेऊ नये.

डासांचे

तुंबलेल्या घाण पाण्यात क्युलेक्स डास वाढतो, तो हत्तीरोग पसरवतो. डेंग्यूचा डास स्वच्छ साठ्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून गटाराबरोबरच रांजण, टाकीही आठवड्यातून एकदा कोरडी करावी. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे करून गटारे आणि डास हटवले, हे उदाहरण राज्यभर सांगितले जाते. एका घराने खड्डा केला तर एक अंगण सुधारते. डास कमी व्हायचे तर आळीने मिळून करावे लागते. या कामाला शासकीय मदत मिळते का, याची ग्रामपंचायतीत चौकशी करावी.

त्या सभासदाने दिवाळीनंतर पन्हाळ वळवला आणि न्हाणीचे पाणी बारा फुटांवरच्या खड्ड्यात नेले. भिंत उन्हाळाभर वाळते आहे. गिलावा अजून केलेला नाही, आणि तेच बरोबर आहे. मृगाला अजून दिवस आहेत. पहिल्या वळवाच्या सरीत छत्री घेऊन घराभोवती एक चक्कर मारा आणि पाणी कुठे थांबते तिथे खुंटी ठोका. काम तिथूनच सुरू करावे.