कोळशाच्या करातून हरित विकास झाला, कोळसा कामगाराचा वाटा कुठे?

कोळसा आणि डिझेल जाळून चालणारा कारभार हळूहळू सूर्य आणि वाऱ्याच्या ऊर्जेवर नेणे, याला हरित अर्थव्यवस्थेकडे जाणे म्हणतात. २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन गाठू, असे भारताने २०२१ च्या ग्लासगो परिषदेत जाहीर केले. आपल्या तरुणांना हा विषय पर्यावरणवाद्यांचा वाटतो. विदर्भात मात्र तो पोटापाण्याचा विषय आहे.

बाबासाहेबांनी १६ ऑक्टोबर १९५६ रोजी ज्या चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली, तिथे आज २,९२० मेगावॅटचे महाऔष्णिक वीज केंद्र आहे. चंद्रपूर, घुग्घुस, बल्लारपूर, वणी, उमरेड या पट्ट्यात आपल्या समाजातील अनेक घरांची चूल कोळशावर पेटते. खाण बंद झाली की कायम कामगाराला भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी किंवा बदली मिळते. कंत्राटी कामगार, ट्रकवरचा क्लीनर आणि खाणीबाहेरची चहाची टपरी यांच्या हाती काय पडते? या बदलासाठी पैसा कुठून येतो आणि कुणाला मिळतो, हे म्हणूनच आपण समजून घेतले पाहिजे.

केंद्र सरकारने २०१० मध्ये कोळशावर टनामागे ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लावला. तो वाढत वाढत २०१६ मध्ये ४०० रुपयांवर गेला. या पैशातून राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी उभारायचा होता. २०१०-११ ते २०१७-१८ या काळात सुमारे ८६,४४० कोटी रुपये जमा झाले. त्यातले सुमारे २९,६४५ कोटी निधीकडे वर्ग झाले आणि प्रत्यक्ष वापर झाला सुमारे १५,९११ कोटींचा. निधीचा उद्देश स्वच्छ ऊर्जेचे संशोधन आणि प्रकल्प हा होता. ज्यांचा रोजगार जाणार, त्यांच्यासाठी त्यात वेगळा हिस्सा राखलेला नव्हता.

पुढे जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला. कोळशावरचे ४०० रुपये तसेच राहिले, पण राज्यांच्या महसुलाची भरपाई करण्यासाठी. सप्टेंबर २०२५ मध्ये हा उपकरही रद्द झाला आणि कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. आता हा पैसा सर्वसाधारण तिजोरीत जातो. तिजोरीतला पैसा कुणाच्या नावाने लिहून ठेवलेला नसेल, तर दुर्बलाच्या वाट्याला तो क्वचितच येतो.

याहून वेगळा मार्ग देशाने आधी पाहिलेला आहे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये त्यांनी धनबाद परिसरातील कोळसा खाणींची पाहणी केली. जानेवारी १९४४ मध्ये कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. कोळशावर उपकर बसवायचा आणि तो कामगारांची घरे, पाणी, आरोग्य आणि शिक्षण यांवर खर्च करायचा, अशी ती रचना होती. सल्लागार समितीवर मालकांबरोबर कामगारांचेही प्रतिनिधी होते. म्हणजे पैसा कुठून येणार, कुणासाठी वापरणार आणि निर्णयात कोण बसणार, या तिन्ही गोष्टी कायद्यातच लिहिलेल्या होत्या. हरित धोरणाला आम्ही हीच कसोटी लावतो.

आज या कसोटीच्या सर्वांत जवळ जाणारी तरतूद म्हणजे जिल्हा खनिज प्रतिष्ठान. २०१५ च्या खनिज कायदा दुरुस्तीने ते आले. १२ जानेवारी २०१५ पूर्वीच्या खाणपट्ट्यांनी रॉयल्टीच्या ३० टक्के आणि त्यानंतरच्या पट्ट्यांनी १० टक्के रक्कम जिल्ह्याच्या या प्रतिष्ठानात भरायची असते. समजा, टनभर कोळशाची किंमत १,००० रुपये आहे. १४ टक्के दराने रॉयल्टी १४० रुपये होते. जुन्या खाणीकडून त्यावर ४२ रुपये प्रतिष्ठानात येतात. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनुसार किमान ७० टक्के निधी पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण, प्रदूषण नियंत्रण, कौशल्य विकास अशा प्राधान्याच्या कामांवर खर्च झाला पाहिजे.

इथेही एक पेच आहे. हा निधी रॉयल्टीवर चालतो, म्हणून कोळसा थांबला की निधीही आटणार. खाणी सुरू आहेत तोवरच पर्यायी रोजगाराची तयारी व्हायला हवी. रस्ते आणि इमारतींत तो संपला, तर खाण बंद होईल त्या दिवशी हात रिकामे असतील.

कार्यकर्त्यांनी आपल्या जिल्ह्यापासून सुरुवात करावी. प्रतिष्ठानाने मंजूर कामे, लाभार्थी आणि लेखापरीक्षण संकेतस्थळावर देणे अपेक्षित आहे. ते नसेल तर माहिती अधिकारात तीन गोष्टी मागाव्यात : गेल्या पाच वर्षांत किती जमा आणि किती खर्च, कौशल्य विकासावर किती, आणि खाणीलगतच्या गावांत व दलित वस्त्यांत किती. उत्तर आले की ते वस्तीच्या बैठकीत आणि ग्रामसभेत वाचून दाखवावे. कंत्राटी कामगारांची गावनिहाय यादी आपणच तयार करावी, कारण ज्याचे नाव कागदावर नाही त्याला पुनर्वसनात कोणी मोजत नाही.

सौर ऊर्जेला आपला विरोध नाही. राख आणि धूळ सर्वांत आधी आपल्याच वस्तीवर पडते. आपली मागणी एवढीच आहे, की ज्यांच्या घामावर देशाला वीज मिळाली, त्यांचा हिस्सा नव्या व्यवस्थेच्या कायद्यात लिहिलेला असावा.