नाव बदलले, पण लायसन्सवर जुनेच? मग हे वाचा

राजपत्रात नवीन नाव छापून आले की काम संपले, असे अनेकांना वाटते. पण राजपत्रामुळे आधार, पॅन, बँक खाते किंवा लायसन्सवरचे नाव आपोआप बदलत नाही. प्रत्येक ठिकाणी आपल्यालाच अर्ज करावा लागतो.

वस्त्यांमध्ये काम करताना आम्ही पाहतो, लोक आधार आणि बँकेचे काम लगेच करून घेतात. लायसन्स मात्र मुदत संपेपर्यंत तसेच राहते. ज्याचे पोट गाडीवर आहे त्याला हे महागात पडू शकते. ड्रायव्हरच्या नोकरीसाठी कागद दिले आणि आधारवर एक आडनाव, लायसन्सवर दुसरे निघाले, की पडताळणी अडकते. अपघात झाला तर विम्याच्या दाव्याच्या वेळी, ही दोन्ही नावे एकाच माणसाची आहेत हे घरच्यांना सिद्ध करत बसावे लागते.

आपल्याकडे कुणी जात ओळखू येणारे आडनाव सोडतो, तर घटस्फोटानंतर एखादी ताई माहेरचे नाव परत घेते. लग्नानंतर नाव बदलण्याची मात्र कायद्याने सक्ती नाही, हे मुलींनी लक्षात ठेवावे. कारण कोणतेही असो, कामाचा क्रम नीट ठेवला तर हेलपाटे वाचतात.

आधी राजपत्र. महाराष्ट्रात शासकीय मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. जुने आणि नवे नाव मराठीत व इंग्रजीत अक्षर न् अक्षर तपासा. इंग्रजी स्पेलिंगमधले एक अक्षर चुकले तरी ती चूक पुढच्या प्रत्येक कागदावर जाते. लग्नामुळे नाव बदलले असेल तर बहुतेक ठिकाणी विवाह नोंदणी प्रमाणपत्र चालते.

मग आधार. आधारवरचे नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते. त्यामुळे राजपत्राची प्रत हातात आल्यावर, तेच स्पेलिंग आणि नावांचा तोच क्रम ठेवूनच अर्ज करा.

त्यानंतर लायसन्स. परिवहन विभागाच्या 'सारथी' पोर्टलवर महाराष्ट्र निवडून लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाका. सेवांच्या यादीतून नाव बदलण्याची सेवा घ्या. पत्ताही बदलला असेल तर त्याच अर्जात तीही सेवा निवडता येते. राजपत्र आणि नवे आधार अपलोड करा. तपशील बदलण्याचे शुल्क २०० रुपये आहे, स्मार्ट कार्डाचे पैसे वेगळे. एकूण रक्कम पोर्टलवरच दिसते, त्यामुळे त्यापेक्षा जास्त मागणाऱ्या एजंटला विचारा, 'हे कशाचे?' आरटीओची तारीख मिळाली तर मूळ कागद घेऊन जा. नवे कार्ड पोस्टाने घरी येते, म्हणून पत्ता आणि मोबाइल नंबर चालू असलेलाच द्या.

गाडी स्वतःच्या नावावर असेल तर आरसी बुक आणि विमा पॉलिसीवरचे नावही बदलायला हवे. लायसन्स बदलल्याने ते बदलत नाही. गाडीवर कर्ज असेल तर बँकेलाही कळवा.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. नवे कागद आले म्हणून जुने फाडू नका. शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, वडील-आजोबांच्या नोंदी जुन्याच आडनावाने असतात. जात पडताळणीच्या वेळी मुलांना त्याच लागतात. जुने आडनाव आणि नवे आडनाव यांना जोडणारा पुरावा म्हणजे राजपत्र. त्याच्या चार-पाच प्रती काढून ठेवा आणि पीडीएफ घरातल्या दोघांच्या तरी मोबाइलमध्ये राहू द्या.

नवे लायसन्स हाती येईपर्यंत जुन्या लायसन्ससोबत राजपत्राची प्रत गाडीत ठेवा. आपण निवडलेले नाव आपल्या प्रत्येक कागदावर असावे, हा आपला हक्क आहे. त्यासाठीचा अर्ज या आठवड्यातच भरून टाका.