पत्रा किती उरलाय?

आमच्या मोटारहोमचं इंजिन पलंगाखाली आहे. गादी उभी करायची, फळी उचलायची, की सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन समोर. इंजिन मागून ढकलतं म्हणून अमेरिकेत अशा गाड्यांना ‘डिझेल पुशर’ म्हणतात. पुढे बसणाऱ्याला त्याची घरघर फारशी ऐकू येत नाही, हे सुख. मात्र इंजिन मागच्या चाकांच्याही मागे लटकलेलं असतं. चाकांनी उडवलेलं पाणी, खडी, चिखल आणि मीठ त्याच्या पोटावर जाऊन बसतं, आणि पोटाचा सगळ्यात खालचा भाग म्हणजे ऑइलचं चेंबर.

चेंबर म्हणजे इंजिनच्या बुडाला बोल्टांनी आवळलेली एक खोल परात. आमच्याएवढ्या इंजिनात त्यात पंचवीसेक लिटर तेल मावतं. पंप ते तेल वर खेचतो, क्रँकच्या बेअरिंगांपर्यंत पोचवतो आणि तेल ठिबकत परत खाली येतं. बाकीचं इंजिन जाड बिडाचं असतं. त्यावर गंजाचा तांबडा थर चढला तरी इंजिनच्या आयुष्यात काही बिघडत नाही. चेंबर मात्र बऱ्याच इंजिनांवर दाबून आकार दिलेल्या पोलादी पत्र्याचं असतं, जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाडीचं. आतून ते कायम तेलात असतं, त्यामुळे गंज लागतो तो बाहेरून. गंमत अशी की ज्या इंजिनाची गॅस्केट जराशी पाझरते, त्याचं चेंबर तेलानं माखून अनेकदा ठणठणीत राहतं. स्वच्छ, कोरड्या इंजिनाचं आधी सडतं.

मी राहतो डेट्रॉइटच्या एका उपनगरात. या शहराखाली सुमारे साडेतीनशे मीटर खोलीवर मिठाची खाण आहे आणि तिथलं मीठ आता रस्त्यांसाठी जातं. रस्त्यावर मीठ टाकून बर्फ वितळवण्याचा प्रयोग न्यू हॅम्पशर राज्यानं १९३८ साली केला. आता देशभरात वर्षाला दीड-दोन कोटी टन मीठ रस्त्यांवर पडतं. साधं मीठ उणे ९ अंशांच्या आसपास ढिलं पडतं, म्हणून कडाक्याच्या थंडीत कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइडचं पाणी फवारतात. पत्र्याचे खरे वैरी हेच. लोखंड गंजताना त्यावर बारीकशी विजेची साखळी चालू असते. मिठाचं पाणी वीज चांगली वाहून नेतं, त्यामुळे ती साखळी जोरात चालते. त्यातून ही क्लोराइडं हवेतला दमट अंश ओढून घेतात. रस्ता कोरडा, आकाश निळं, आणि गाडीचं पोट मात्र ओलं.

‘आम्ही गाडी हिवाळ्यात चालवतच नाही’ असं इथले बरेच मोटारहोमवाले सांगतात. पण आम्हा निवृत्तांची वरात नाताळानंतर आय-७५ महामार्गावरून फ्लोरिडाकडे निघते. मिशिगन, ओहायो, केंटकी ही राज्यं पार होईपर्यंत गाडी मिठात लोळलेली असते. मग ती फ्लोरिडाच्या दमट, उबदार हवेत वसंतापर्यंत उभी. ऊब मिळाली की गंज वेगानं वाढतो. माझ्या मते चेंबर प्रवासात जेवढं सडतं, त्याहून जास्त या मुक्कामात सडतं.

माझी नोकरी व्यापारी जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली, त्यामुळे गंजाशी जुनी ओळख. जहाजावर गंजाचा रंग पाहून कुणी निर्णय घेत नाही. तिथे एकच प्रश्न असतो: पत्रा किती उरलाय? गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा व्यापतो, म्हणून भयानक पोपडे सुटलेल्या जागी खाली भरपूर धातू शाबूत असू शकतो. उलट, गुळगुळीत काळ्या रंगाखाली काही म्हणजे काहीच नसू शकतं.

आमच्या बाबतीत नेमकं तेच झालं. गाडी जुनी घेतलेली. विकणाऱ्यानं इंजिन दाखवलं तेव्हा मी पट्टे, होस, टर्बो बघत होतो. बायको टॉर्च घेऊन खाली वाकली आणि म्हणाली, “अहो, सगळं इंजिन मळकट आणि हे एवढंच कसं चकाचक?” मी खिशातलं लोहचुंबक चेंबरवर फिरवलं. तीन बाजूंना ते टक्कन चिकटलं आणि चौथ्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात घसरलं. रंगाखाली लांबी भरलेली होती. त्यावरून किमतीत घासाघीस झाली आणि गाडी घरी आली.

जाडी मोजायला अल्ट्रासॉनिक गेज मिळतो. जहाजांच्या तपासणीत वापरतात त्याचाच धाकटा भाऊ. जेल लावून सेन्सर टेकवला की आवाजाची लहर पत्र्याच्या मागच्या बाजूवरून परत येते आणि आकडा दिसतो. एकाच बाजूनं मोजता येतं, तेल काढावं लागत नाही. मात्र रंग आणि पोपडे खरवडून छोटी सपाट जागा करावी लागते, आणि खड्डे असतील तर आजूबाजूला अनेक ठिकाणी मोजावं लागतं. स्वस्तातले गेज मिलिमीटरभर जाडीच्या खाली धड आकडा देत नाहीत. तसं झालं तर तेच उत्तर समजावं.

खरवडण्यावरून एक ताकीद. आत तेल असताना स्क्रूड्रायव्हरनं टोचून पाहायचा मोह होतो. वायरब्रश मशीनला लावून घासायचाही होतो. गंजाचा पोपडा हेच बुच असेल तर ते निघतं, आणि पंचवीस लिटर तेल तुमच्या बाहीतून आत जातं. ड्रेन प्लगचंही तसंच. भोवतालचा पत्रा खाल्ला गेला असेल तर पान्याच्या जोरानं प्लगबरोबर पत्राही फिरतो. शंका असेल तर डिपस्टिकच्या नळीतून पंपानं तेल खेचून घ्यावं.

याहून मोठी ताकीद गाडीखाली शिरण्याबद्दल. या गाड्यांना एअर सस्पेन्शन असतं. हवा गळाली की काही टनांची गाडी निमूटपणे वितभर खाली बसते. गाडी समतल करायला दिलेले हायड्रॉलिक जॅक फक्त त्यासाठीच असतात, माणूस खाली असताना वजन पेलायला नव्हे. असं दबून माणसं मेली आहेत. चासीखाली लोखंडी घोडी लावल्याशिवाय मी हातसुद्धा आत घालत नाही.

पत्रा भरपूर उरला असेल तर काम सोपं आहे, फक्त कंटाळवाणं. तेलकटपणा पूर्ण काढायचा, सुटे पोपडे उडवायचे, मग गंज बदलणारं द्रावण लावायचं. त्यात बहुधा टॅनिक आम्ल असतं. आपल्या हिरड्यातही टॅनिन असतं. हिरडा आणि लोखंड यांची काळी शाई पूर्वी करत, तीच क्रिया इथे पत्र्यावर होते. तांबडा गंज निळसर काळा आणि स्थिर होतो. त्यावर इपॉक्सी प्रायमर आणि रंग. सुट्या गंजावर थेट रंग फासणं म्हणजे मात्र पुढच्या गिऱ्हाइकाची सोय करणं.

सुईएवढं भोक पडलं असेल आणि घर हजार मैल लांब असेल, तर तेल काढून, रात्रभर निथळू देऊन, आपल्या एम-सीलच्या जातीचं पोलादी भुकटीचं इपॉक्सी भरता येतं. घरी पोचण्यापुरतं. वेल्डिंगचा विचार मनात आणू नये. पातळ, सडलेला पत्रा टाक्याच्या शेजारीच जळून नवं भोक पडतं, आतल्या तेलाची वाफ पेट घेते, आणि क्लोरिनयुक्त ब्रेक क्लीनरनं पुसलेल्या पत्र्यावर वेल्डिंग केलं तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो.

आमचा कोपरा मिलिमीटरच्या खाली निघाला, म्हणजे बदलणं आलं. ट्रक आणि बस दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे गेलो. त्यानं गंजाकडे पाहिलंही नाही. विचारलं, “चासीचा आडवा दांडा चेंबरच्या खाली येतो की बाजूनं जातो?” सगळा खर्च या प्रश्नात होता. चेंबर काही शे डॉलरचं. पण दांडा आडवा आला तर माउंटिंगचे बोल्ट सोडून इंजिन काही इंच उचलावं लागतं, त्याआधी होस, पाइप, एक्झॉस्ट मोकळे करावे लागतात, आणि मजुरी चेंबरच्या किमतीच्या कितीतरी पट होते. आमचा दांडा बाजूनं जात होता. तरी आतल्या सक्शन पाइपला न अडकता चेंबर तिरकं करून खाली आणताना दोघांना घाम फुटला.

नवं चेंबर येतं तेव्हा त्यावर कारखान्याचा पातळ काळा थर असतो. बसवण्याआधी, हातात धरून सगळ्या बाजूंनी फिरवता येतं तेव्हाच, त्याला इपॉक्सीचे दोन हात द्यावेत. गॅस्केटची जागा मात्र कोरी सोडायची. पुढचं गिअरचं कव्हर आणि मागचं फ्लायव्हीलचं घर जिथे ब्लॉकला मिळतं, त्या सांध्यांवर सिलिकॉनचा छोटा ठिपका द्यावा लागतो. बोल्ट मधून कडेकडे, टॉर्क पाना लावून. ‘अजून थोडं’ म्हणून आवळलं की गॅस्केट पिळून बाहेर येते. तेल भरलं, इंजिन तापवलं, बंद करून पंधरा मिनिटं थांबलो आणि त्या सांध्यांखालून टिश्यू पेपर फिरवला. तो पांढरा निघाल्यावर मेकॅनिकनं बिल लिहायला घेतलं.

आता राखण. डांबरासारखं जाड रबरी कोटिंग मला पसंत नाही. त्याला चीर पडली की मिठाचं पाणी आत शिरतं आणि वरून दिसत नाही. मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून केलेला लॅनोलिनचा फवारा बरा. तो वाळून कडक होत नाही, ओरखडा आपोआप भरतो. असा फवारा १९४३ साली अमेरिकन नौदलाच्या जहाजांतल्या बॅलास्ट टाक्यांसाठी निघाला होता. दर शरदात मारावा लागतो, आणि आठवडाभर गाडीला मेंढवाड्याचा वास येतो. गॅस्केटच्या बाहेर आलेल्या कडेवर मात्र तो मारत नाही, काही रबरं त्यानं फुगतात.

बॅटरीला जोडायच्या ‘गंजरोधक’ इलेक्ट्रॉनिक डब्या इथे विकल्या जातात. जहाजाच्या तळाला जस्ताचे ठोकळे लावतात ते काम करतात, कारण तळ आणि जस्त दोन्ही एकाच समुद्रात बुडालेले असतात. रस्त्यावरच्या गाडीला समुद्र नाही. ते पैसे मी मागच्या चाकांमागे, इंजिनाच्या पुढ्यात, गाडीच्या रुंदीएवढा जाड रबरी पडदा टांगायला घातले.

आणि जॉर्जियात शिरून रस्ते कोरडे झाले, की पहिल्या ट्रक-वॉशमध्ये गाडी घालायची. तिथल्या पोऱ्याला सांगायचं की वरून नाही धुतलं तरी चालेल, खालून धू. आणि रेडिएटरवर जोराचा फवारा मारू नकोस, त्याच्या बारीक पट्ट्या वाकतात.