अमेरिकेची राज्यघटना: आपले काही पक्के गैरसमज

दर चार वर्षांनी नोव्हेंबर आला की आपल्या वाहिन्यांवर ‘जगातला सर्वांत ताकदवान माणूस’ निवडून येतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये याच ताकदवान माणसाच्या, म्हणजे तेव्हा डोनाल्ड ट्रम्प यांच्या, प्रवासबंदीच्या आदेशाला सिॲटलमधल्या एका जिल्हा न्यायाधीशाने देशभर स्थगिती दिली, तेव्हा आपल्याकडे अनेक जण बुचकळ्यात पडले होते. न्यायाधीशाच्या धाडसाचं कौतुकही झालं. खरं तर त्यात धाडसापेक्षा नेहमीचं कामच जास्त होतं. अमेरिकेतली सत्ता संस्थांनी एकमेकींना अडवावं म्हणूनच वाटलेली आहे आणि आपण ती आपल्या संसदीय चष्म्यातून पाहतो. बहुतेक गैरसमज तिथूनच सुरू होतात.

‘४ जुलै १७७६ ला अमेरिकेला राज्यघटना मिळाली, ती जेफरसननी लिहिली.’

१७७६ चा तो स्वातंत्र्याचा जाहीरनामा. त्याचा मसुदा जेफरसन यांचा, पण राज्यघटना अकरा वर्षांनंतरची. ती लिहिली जात असताना जेफरसन पॅरिसमध्ये राजदूत होते. मधल्या काळात १३ राज्यं एका सैलसर करारावर चालत होती. केंद्राला कर बसवता येत नव्हता, राज्यांकडे पैसे मागावे लागत आणि राज्यं बहुधा कानाडोळा करत. १७८६ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागातले कर्जबाजारी शेतकरी डॅनियल शेज यांच्यासोबत शस्त्रं घेऊन उठले आणि त्यांनी न्यायालयांचं कामकाज बंद पाडलं. बंड मोडायला केंद्राकडे ना पैसा होता ना पुरेसं सैन्य.

या धास्तीतून मे १७८७ मध्ये फिलाडेल्फियात बैठक भरली. बोलावणं होतं जुना करार सुधारण्याचं. जमलेल्या ५५ प्रतिनिधींनी मात्र दारं-खिडक्या लावून घेतल्या आणि नवी घटनाच लिहायला घेतली. ऱ्होड आयलंडने तर कुणाला पाठवलंच नाही. १७ सप्टेंबरला ३९ जणांनी सह्या केल्या. त्यांच्यासमोर दोन भीती होत्या: नुकताच झुगारलेला राजा पुन्हा उगवेल ही एक, आणि केंद्र पुन्हा लुळं पडेल ही दुसरी. त्यांच्यातल्या जेम्स मॅडिसन यांचा तोडगा माणसाच्या चांगुलपणावर विसंबणारा नव्हता. एका संस्थेचा अधिकाराचा हव्यास दुसरीच्या हव्यासानेच रोखायचा, असा तो हिशेब होता.

‘राष्ट्राध्यक्ष म्हणेल ती पूर्व दिशा.’

हा आपला सर्वांत लाडका समज. पण तिजोरीची किल्ली काँग्रेसकडे, म्हणजे तिथल्या कायदेमंडळाकडे आहे. मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीसाठी मागितलेला पैसा काँग्रेसने दिला नाही, म्हणून २०१८-१९ च्या हिवाळ्यात सरकारी कामकाजाचा मोठा भाग ३५ दिवस ठप्प होता. आंतरराष्ट्रीय करार मान्य व्हायला सिनेटमध्ये, म्हणजे काँग्रेसच्या वरिष्ठ सभागृहात, दोन तृतीयांश मतं लागतात. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाची कल्पना वुड्रो विल्सन यांनी जगाच्या गळी उतरवली, पण सिनेटने व्हर्सायचा तह फेटाळला आणि त्या राष्ट्रसंघात अमेरिका कधी गेलीच नाही.

याहून बोलका प्रसंग १९५२ चा. कोरियात युद्ध चालू होतं आणि पोलाद कामगारांचा संप तोंडावर होता. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी ८ एप्रिलला पोलाद कारखाने ताब्यात घेण्याचा आदेश काढला. २ जूनला सर्वोच्च न्यायालयाने तो सहा विरुद्ध तीन मतांनी रद्द केला. काँग्रेसने दिला नाही तो अधिकार राष्ट्राध्यक्षाला स्वतःहून घेता येणार नाही, हा त्या निकालाचा गाभा. त्या खंडपीठात खुद्द ट्रुमन यांनी नेमलेले चार न्यायाधीश होते आणि त्यांतल्या दोघांनी त्यांच्या विरोधात मत दिलं.

तुलनाच करायची तर दिल्लीत स्पष्ट बहुमत असलेल्या पंतप्रधानाला हवा तो कायदा करून घेणं कितीतरी सोपं आहे. आपल्याकडे मंत्री संसदेतूनच येतात. तिथे उलट आहे: सिनेटर मंत्री झाला तर त्याला सिनेट सोडावी लागते. राष्ट्राध्यक्ष काँग्रेस बरखास्त करू शकत नाही, काँग्रेस त्याच्यावर अविश्वास ठराव आणू शकत नाही. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या डॉ. आंबेडकरांना ही व्यवस्था चांगली ठाऊक होती. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत मसुदा मांडताना त्यांनी सांगितलं की अमेरिकी पद्धतीत स्थैर्य जास्त आहे, संसदीय पद्धतीत उत्तरदायित्व जास्त, आणि मसुद्याने उत्तरदायित्वाला झुकतं माप दिलं आहे.

एका बाबतीत मात्र हा समज निम्म्याहून अधिक खरा ठरत चालला आहे. युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसचा, पण तिला रीतसर युद्ध पुकारायला १९४२ नंतर मुहूर्त मिळालेला नाही. कोरिया, व्हिएतनाम, इराक सगळं त्याविनाच झालं. यात राष्ट्राध्यक्षांच्या हावेइतकाच काँग्रेसच्या अंग चोरण्याचाही हात आहे, असं मला वाटतं.

‘जास्त मतं मिळतात तो जिंकतो.’

२०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना सुमारे २९ लाख मतं जास्त मिळाली आणि त्या हरल्या. २००० मध्ये अल गोर यांचंही तेच झालं. राष्ट्राध्यक्ष निवडतात ते ५३८ निर्वाचक, २७० लागतात. प्रतिनिधिगृह आणि सिनेट मिळून राज्याचे जेवढे सदस्य, तेवढे त्याचे निर्वाचक. प्रतिनिधिगृहात जागा लोकसंख्येवर ठरतात. सिनेटमध्ये मात्र प्रत्येक राज्याला दोनच. त्यामुळे चार कोटींच्या आसपासच्या कॅलिफोर्नियाला आणि सहा लाखांच्या आसपासच्या वायोमिंगला सिनेटमध्ये वजन सारखंच.

लहान राज्यांसाठी केलेली ही तडजोड शहाणपणाची म्हणून सांगितली जाते. तिच्या शेजारची दुसरी तडजोड सांगताना आवाज उतरतो. दक्षिणेकडच्या राज्यांना गुलाम मतदार म्हणून नको होते, पण जागा मोजताना लोकसंख्येत हवे होते. शेवटी पाच गुलाम म्हणजे तीन माणसं असा हिशेब ठरला. त्यातून दक्षिणेला प्रतिनिधिगृहात जादा जागा मिळाल्या आणि राष्ट्राध्यक्ष निवडताना जादा निर्वाचकही. मूळ घटनेत ‘गुलाम’ हा शब्द मात्र कुठेच नाही. लिहिणाऱ्यांनाही तो खुपत असावा. गुलामगिरी संपवणारी तेरावी दुरुस्ती आली १८६५ मध्ये, यादवी युद्धानंतर.

आणि तिथे आपल्यासारखा एक निवडणूक आयोगही नाही. केंद्रातला त्या नावाचा आयोग प्रचाराच्या पैशावर लक्ष ठेवतो. मतदान घेणं आणि मोजणं हे काम राज्यांचं आणि काउंटींचं, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांचं, नियम ज्याचे त्याचे वेगळे.

‘गव्हर्नर राष्ट्राध्यक्षाचा माणूस असतो.’

नाही. तो थेट जनतेतून निवडून येतो, काम आपल्या मुख्यमंत्र्यासारखं करतो आणि राष्ट्राध्यक्षाला त्याला हटवता येत नाही. राज्य सरकार बरखास्त करून राष्ट्रपती राजवट लावण्याची सोयच तिथे नाही.

‘अमेरिकेत कुणीही काहीही बोलू शकतो.’

बोलण्याचं स्वातंत्र्य जपणारी घटनेची पहिली दुरुस्ती फक्त सरकारचे हात बांधते. खासगी कंपनीने बोलण्यावरून नोकरीतून काढलं किंवा समाजमाध्यमाने खातं बंद केलं, तर ही दुरुस्ती सहसा कामी येत नाही. ही दुरुस्ती ज्या हक्कांच्या सनदेत आहे, ती सनद १७९१ ची असली तरी ती फक्त केंद्र सरकारला लागू आहे, राज्यांना नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १८३३ मध्ये सांगितलं होतं. राज्यं तिच्या कक्षेत आली ती १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीमुळे, तीही विसाव्या शतकात, एकेक निकाल लागत.

‘महाभियोग झाला म्हणजे पद गेलं.’

महाभियोग म्हणजे प्रतिनिधिगृहाने साध्या बहुमताने ठेवलेला आरोप. खटला चालतो सिनेटमध्ये आणि दोषी ठरवायला तिथे दोन तृतीयांश मतं लागतात. अँड्र्यू जॉन्सन १८६८ मध्ये, बिल क्लिंटन १९९८ मध्ये आणि डोनाल्ड ट्रम्प २०१९ व २०२१ मध्ये महाभियोगाला सामोरे गेले. जॉन्सन तर एका मताने वाचले. सिनेटने आजवर एकाही राष्ट्राध्यक्षाला दोषी ठरवलेलं नाही. निक्सन यांनी प्रतिनिधिगृहात मतदान होण्याआधीच, १९७४ मध्ये, राजीनामा दिला होता. तेव्हा पुढच्या वेळी ‘महाभियोग मंजूर’ अशी ठळक बातमी दिसली, तर तो कोणत्या सभागृहात मंजूर झाला आहे, एवढं आधी पाहा.